जुन्या गाडीची जाळी, मोनोग्राम, काळं प्लास्टिक : फवाऱ्याचं रबर मारावं का?

खाडीकाठ (12 ऑक्टोबर)

मंडळी, अण्णांची 2006 ची वॅगन आर आता माझ्याकडे आहे. रंग चंदेरी. इंजिन ठणठणीत आहे. पत्राही बरा आहे, कारण अण्णा दर पावसाळ्याआधी खालून कोटिंग करून घ्यायचे. पण आमचं घर रत्नागिरीत, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्याने गाडीचा पत्रा सोडला आणि बाकी सगळं धरलं. पुढच्या जाळीवरच्या क्रोमवर मोहरीएवढे पांढरे ठिपके उठलेत, बोट फिरवलं की खरखरतात. मागच्या मोनोग्रामची, म्हणजे गाडीच्या नावाच्या चिन्हाची, चमक गेली. आरशांची कव्हरं, दाराची हँडलं आणि वायपरखालची काळी पट्टी तर राखाडी झालीय, चुलीतल्या राखेसारखी.

पुढच्या ऑगस्टमध्ये गाडीला 20 वर्षं होतील. नोंदणीचं दुसऱ्यांदा नूतनीकरण करायचं आहे. त्याआधी तिला जरा माणसात आणावं म्हणतो. डब्यातून फवारायचं रबर मिळतं, वाळल्यावर काळं मॅट दिसतं आणि नको झालं तर सोलून काढता येतं, असं ऐकलंय. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खाऱ्या हवेत ते टिकतं का? कशावर मारावं आणि कशावर नाही? आणि खरंच सोलून निघतं का? ही जाळी अण्णांनी स्वतः दर रविवारी जुन्या टूथब्रशने घासलेली आहे, ती खराब करायची नाही.

निवांत (12 ऑक्टोबर)

अनुभव शून्य, पण धागा धरून बसलोय. माझी 2005 ची झेन याच रांगेत उभी आहे.

शिकागोकर (13 ऑक्टोबर)

मी हे चार हिवाळे वापरलंय, तेव्हा सविस्तर लिहितो. आमच्याकडे समुद्र नाही, पण बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे दुखणं तुमचंच.

या प्रकारातलं इथलं सर्वात जुनं नाव म्हणजे प्लास्टी डिप. मिनेसोटातली कंपनी, 1972 पासूनची. मुळात ते पक्कड-पान्यांच्या मुठी बुडवून काढायचं रबर होतं, म्हणून नावात डिप. फवाऱ्याचे डबे आले आणि लोकांनी ते गाड्यांवर मारायला घेतलं.

माझ्या कोरोलाची चाकं आणि पुढचा मोनोग्राम मी काळा केला होता. शिकलो ते असं. पहिला हात अगदी विरळ मारायचा, खालचं क्रोम निम्मं दिसत राहिलं पाहिजे. लोकांना धीर निघत नाही, पहिल्याच हाताला सगळं झाकायला जातात आणि ओघळ येतात. डबा वीतभर लांब धरायचा आणि हात थांबवायचा नाही. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच संपवायचा. दोन हातांमध्ये वीस-तीस मिनिटं. असे किमान पाच हात. शेवटचा हात जरा ओला मारायचा, आणि तो ओला असतानाच टेप काढायची. वाळल्यावर टेप ओढलीत तर तिच्याबरोबर रबरही उठून येतं, साय ओढल्यासारखं.

मोनोग्राम गाडीवरून काढायची गरज नाही. पत्त्यांचा जुना कॅट घ्या आणि एकेक पान मोनोग्रामच्या कडेखाली सरकवा. कागदी टेपपेक्षा छान बसतं.

सोलून निघतं का? दुसऱ्या वर्षी एका चाकाचं काढलं, अख्खं एका तुकड्यात आलं. बाकीची तीन चौथ्या वर्षी काढायला घेतली तर नखाएवढे तुकडे पडायला लागले. उन्हाने ते कडक होत जातं. तेव्हा दोन-तीन वर्षांत एकदा काढून नव्याने मारायचं हे मनाशी धरूनच सुरुवात करा.

गॅरेजवाला_कोल्हापूर (13 ऑक्टोबर)

मी ह्याच्या विरोधात आहे आणि स्पष्ट लिहितो. आमच्याकडे महिन्याला एक तरी गाडी अशी येते की कडेने रबर सुटलंय, आत पाणी गेलंय, आणि वॉशिंगवाल्याने प्रेशर मारून अर्धं उडवलंय. मग तेच गिऱ्हाईक विचारतं, "आता काय करायचं?"

जाळी उतरवा. 400 आणि मग 600 नंबरचा वॉटर पेपर मारा, ठिपके बसेपर्यंत. प्लास्टिक प्रायमर, त्यावर हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घातलेला सॅटिन काळा रंग. काम एकदाच होतं आणि पाच-सात वर्षं बघायला नको. सोलून काढायची सोय कशाला हवी? भाड्याच्या घरातसुद्धा आपण भिंतीला रंग देतो, कागद चिकटवत नाही.

खाडीकाठ (13 ऑक्टोबर)

दादा, तुमचं म्हणणं पटतं. पण पेपर मारला की खालचं क्रोम कायमचं गेलं. मला मूळची जाळी तशीच राखायची आहे, पुढे कधी कोणी चांगलं प्लेटिंग करून देणारा भेटला तर. सोलायची सोय हवी ती त्यासाठी.

शिकागोकर, पत्त्यांचा कॅट सापडला. चौकट गुलाम नाही, पण चालेल.

रंगशाळा (14 ऑक्टोबर)

पेशाने रंगांच्या कारखान्यात आहे, 22 वर्षं. दोघांचंही बरोबर आहे. फक्त कोणत्या पृष्ठभागाबद्दल बोलताय ते वेगवेगळं आहे.

हे रबर म्हणजे द्रावकात विरघळवलेलं रबर. द्रावक उडून जातं आणि मागे पातळ पापुद्रा राहतो. हार्डनरच्या रंगात जशी रासायनिक गाठ पडते तशी इथे पडत नाही. त्याचे दोन परिणाम. चांगला हा की ते खालच्या थराला घट्ट चावत नाही, म्हणून सोलता येतं. वाईट हा की पेट्रोल लागलं की पुन्हा मऊ पडतं. पेट्रोलच्या झाकणाच्या आसपास चुकूनही मारू नका.

आता पृष्ठभाग. क्रोमची जाळी गुळगुळीत असते, तिथे हे उत्तम बसतं आणि उत्तम निघतं. आरशाचं कव्हर, वायपरखालची पट्टी वगैरे काळं, न रंगवलेलं प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं आणि वरून दाणेदार. दाण्यांच्या खळग्यांत रबर जाऊन बसतं आणि सोलायला गेलात की तुकडे होतात. म्हणजे जिथे सोलायचं आहे तिथे ते निघणार नाही. तिथे मारू नका, राखाडी प्लास्टिकचा इलाज वेगळा आहे.

आणि खाडीकाठ, सर्वात महत्त्वाचं तुमच्या ठिपक्यांबद्दल. प्लास्टिकवरच्या क्रोमखाली साधारणपणे तांबं आणि निकेल असे थर असतात. क्रोमचा थर फार पातळ असतो. त्याला बारीक छिद्र पडलं की खारं पाणी आत शिरतं आणि खालचा थर खायला लागतं. नुसते ठिपके असतील तर हरकत नाही. पण कुठे क्रोम फुगून पोपडा सुटला असेल, तर दोन वर्षांनी रबर सोलताना पोपडाही त्याच्याबरोबर येईल. सोलून निघण्याची खात्री खालचा थर घट्ट असेल तेवढीच. आधी नखाने तपासा. नख अडकलं आणि कड उचलली, तर तेवढा भाग गॅरेजवाल्या दादांच्या पद्धतीने करावा लागेल.

मृद्गंध (14 ऑक्टोबर)

माझी चूक सांगते, कोणाच्या तरी कामी येईल. अलिबागला माहेरी गाडी होती. ऑगस्टमधला एक कोरडा रविवार बघून मी पडवीत जाळीवर फवारणी केली. पाऊस नव्हता, म्हणून वाटलं चालेल. तासाभरात सगळ्या जाळीवर पांढुरकी झाक आली, आरशावर वाफ धरल्यासारखी. पुसली तर जाईना.

आणि मधे मधे गोल खळगे, माशाच्या डोळ्यासारखे. नंतर आठवलं, बाबा दर महिन्याला जाळीवर डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश मारायचे.

रंगशाळा (14 ऑक्टोबर)

ताई, दोन्ही निदानं तुम्ही स्वतःच केलीत. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतला ओलावा त्यावर धरतो, ती पांढरी झाक. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असं कोकणात होत नाही. दिवाळीनंतर, सकाळी दहा ते दोन या वेळात करा. थेट उन्हात नको, सावलीत.

सिलिकॉनसाठी भांड्याच्या साबणाने दोनदा धुवायचं आणि पूर्ण वाळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. फडकं दर वेळी नवीन. त्याच फडक्याने पुसलंत तर सिलिकॉन फक्त इकडचं तिकडे जातं. गाडीचा शाम्पू नको, त्यात बहुतेक वेळा मेण असतं.

बुलेटवीर (15 ऑक्टोबर)

विषय निघालाच आहे तर, सायलेन्सर मॅट काळा करायचाय. हेच चालेल का?

शिकागोकर (15 ऑक्टोबर)

अजिबात नाही. ते साधारण 93 अंश सेल्सिअसपर्यंतचं आहे. बुलेटचा सायलेन्सर त्याच्या कितीतरी वर जातो. पहिल्या घाटातच मागच्या गाडीला जळक्या रबराचा धूप मिळेल. उष्णतारोधक रंग वेगळा मिळतो, तो घ्या. पण बॅटरी बॉक्सचं झाकण रबराने छान दिसतं.

बुलेटवीर (15 ऑक्टोबर)

वाचलो. झाकणच करतो.

दस्तऐवज (16 ऑक्टोबर)

नूतनीकरणाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. गाडीचा मूळ रंग बदलला तर आर.सी.वर नोंद करून घ्यावी लागते. जाळी, मोनोग्राम काळे केले म्हणजे चंदेरी गाडीचा रंग बदलत नाही, ती काळजी नको. मात्र नंबरप्लेट आणि दिवे यांवर थेंबही उडता कामा नये. काही पोरं मागचे दिवे "स्मोक" करतात, ते थेट नियमाविरुद्ध आणि धोक्याचंही. फवारताना प्लेट आणि दिवे वर्तमानपत्राने पूर्ण झाका.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25, मुदत संपण्याच्या आधी 60 दिवसांपर्यंत करता येतो. तपासणीत गाडी पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. पर्यावरण कर भरल्याची पावती शोधून ठेवा. आणि गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची आहे, तेव्हा नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर ते काम आधी.

निवांत (16 ऑक्टोबर)

20 वर्षांची गाडी चालवू देतात? मला वाटलं 15 ला भंगारात.

दस्तऐवज (16 ऑक्टोबर)

ते दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशाचं : डिझेलला 10, पेट्रोलला 15. तोही विषय सतत न्यायालयात असतो. महाराष्ट्रात गाडी तंदुरुस्त असेल आणि नूतनीकरण केलेलं असेल तर चालवता येते. झेनला निर्धास्त आंघोळ घाला.

पडवीतला_झोपाळा (17 ऑक्टोबर)

राखाडी प्लास्टिकला खोबरेल तेल. दुसरं काही लागत नाही. आमच्या मारुती व्हॅनला वडिलांनी दहा वर्षं तेच लावलं.

गॅरेजवाला_कोल्हापूर (17 ऑक्टोबर)

तेलाने दोन दिवस काळं दिसतं, तिसऱ्या दिवशी धूळ बसून चिखल. काही जण डिझेल पुसतात, ते तर नकोच, शेजारचं रबर फुगतं. बूट पॉलिश पहिल्या पावसात दारावरून ओघळतं आणि चंदेरी रंगावर काळे पट्टे उठतात.

चांगला उपाय हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र. प्लास्टिक स्वच्छ धुऊन, वाळवून, हीट गन सतत फिरवत ठेवायची. राखाडी पट्टा डोळ्यांदेखत काळा होत जातो, पाटीवरून ओलं फडकं फिरवल्यासारखा. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलात की प्लास्टिक चकाकतं आणि वाकतं, तेव्हा आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर हात बसवा. काच गरम होऊ देऊ नका, तडकते. वायपरखालची पट्टी काढूनच करा. हे एक-दोनदाच जमतं, दर वर्षी नाही. नंतर ट्रिमचं, म्हणजे अशा काळ्या प्लास्टिकला लावायचं, चांगलं ड्रेसिंग लावत राहायचं.

आणि हो, रंगशाळा सरांनी ठिपके आणि पोपडे यांतला फरक सांगितला तो मला मान्य आहे. माझ्याकडे येतात त्या बहुतेक पोपडे सुटलेल्या जाळ्यांवर मारलेल्या असतात. चांगल्या क्रोमवर, नीट धुऊन, पाच हात मारलेलं असेल तर माझं भांडण नाही.

पडवीतला_झोपाळा (17 ऑक्टोबर)

वडिलांची व्हॅन कायम मळकी दिसायची खरी. आज कारण कळलं.

खाडीकाठ (18 ऑक्टोबर)

सर्वांचे मनापासून आभार. नखाने तपासलं. जाळीवर सगळीकडे ठिपकेच आहेत, फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक कड उचलते. दादा, जाळी उतरवताना काय जपायचं?

गॅरेजवाला_कोल्हापूर (18 ऑक्टोबर)

क्लिपा. 19 वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. सकाळच्या गारव्यात हात लावू नका. दुपारी गाडी जरा तापली की करा, किंवा क्लिपांच्या जागी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं धरा. वरचे स्क्रू काढल्याशिवाय ओढू नका. एखादी क्लिप तुटलीच तर तुकडा जपून ठेवा, नमुना दाखवून दुकानात दुसरी मिळते.

उचलणारी कड ब्लेडने कापून टाका. तेवढ्याच जागी 600 चा पेपर मारून पायरी घालवा. पायरी राहिली तर रबरातून दिसते.

शिकागोकर (18 ऑक्टोबर)

एक राहिलं. तोंडाला साधा कापडी मास्क पुरत नाही. रसायनांच्या वाफेसाठीचा, कार्बनच्या डब्या असलेला मास्क घ्या. उघड्यावर करा. जवळ देवघराचं निरांजन, गॅस, विडी काही नको, वाफ पेट घेते.

खाडीकाठ (9 डिसेंबर)

परवाच्या रविवारी केलं. सांगितल्याप्रमाणे अहवाल.

शनिवारी दुपारी जाळी उतरवली. एक क्लिप तुटलीच, तुकडा खिशात घालून बाजारात गेलो, मिळाली. भांड्याच्या साबणाने दोनदा धुतली. दुसऱ्या वेळेलाही पाणी काळपट आलं, म्हणून तिसऱ्यांदा धुतली. जाळीच्या मागच्या खोबणीत टूथब्रशचे निळे केस अडकलेले सापडले, अण्णांच्या ब्रशचे. ते काढले, पण टाकवेनात. एका पुडीत बांधून गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवलेत.

रविवारी दहा वाजता आंब्याखाली सुरुवात केली आणि लगेच जागा बदलली, कारण आंब्यावरून मुंग्या पडत होत्या. अंगणात ताडपत्रीच्या सावलीत जाळी दोरीला टांगली. पहिला हात मारला आणि पोटात गोळाच आला. जाळी डागाळलेली दिसत होती, कुठे काळी कुठे चंदेरी. शिकागोकरांचं वाक्य आठवून हात आवरला. तिसऱ्या हाताला सगळं झाकलं गेलं, पाचव्याला ठिपके नाहीसे झाले, मी सहावा मारला. जाळी आणि मागचा मोनोग्राम मिळून दीड डबा लागला.

मोनोग्रामला पत्ते वापरले. एका ठिकाणी पत्ता ओला होऊन कडेला चिकटला, तिथे केसाएवढी रेघ उठलीय. मला दिसते, बाकी कोणाला दिसत नाही.

काळ्या प्लास्टिकला रबर मारलं नाही. वायपरखालची पट्टी आणि आरशांची कव्हरं हीट गनने केली. हँडलं सोडून दिली, दाराच्या रंगाजवळ गरम करायची हिंमत झाली नाही. त्यांना ड्रेसिंग लावलं.

संध्याकाळी आईला बाहेर बोलावलं. तिने जाळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "खरखर गेली की रे."

मृद्गंध (9 डिसेंबर)

ब्रशचे केस वाचून थांबले जरा. फार छान केलंत.

रंगशाळा (10 डिसेंबर)

उत्तम. आठवडाभर धुऊ नका. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाइप जाळीवर धरू नका असं आधीच बजावा, किंवा जाळी घरी हाताने धुवा. कोपऱ्यात जिथे पेपर मारलात तिथे दर महिन्याला नजर टाका. कड उठायला लागलीच तर ओढू नका. तेवढा भाग पुसून वरून दोन हात मारा, नवं रबर जुन्यात मिसळून जातं. सोलायची वेळ आली आणि थर पातळ वाटला, तर आधी वरून आणखी दोन-तीन हात मारा आणि मग सोला. जाड थर एकसंध निघतो.

निवांत (10 डिसेंबर)

खाडीकाठ, उरलेला अर्धा डबा विकणार का? झेनचा मोनोग्राम लहान आहे.

खाडीकाठ (10 डिसेंबर)

विकत नाही, रत्नागिरीला या आणि घेऊन जा. पत्ते मात्र नवे आणा, आमचा कॅट संपला.

गॅरेजवाला_कोल्हापूर (11 डिसेंबर)

हँडलांचं राहिलंय ना? आत दोन बोल्ट असतात. दारातलं पॅड काढलं की हँडल बाहेर येतं, मग रंगाची भीती नाही. पॅड काढताना काच वरखाली करायच्या दांडीची क्लिप कशी काढायची ते रविवारी फोटो टाकून दाखवतो.